हातचा कुणाचा? तिसरीच्या वर्गातल्या वजाबाकीचे एक प्रकरण

चतुर्थीची सुट्टी संपून शाळा सुरू झाली त्या आठवड्यातली गोष्ट. वर्ष २०२४. गोव्यातल्या डिचोली तालुक्यातल्या एका मराठी प्राथमिक शाळेत मी तिसरीला गणित शिकवत होते आणि सुट्टीतला गृहपाठ तपासत होते. एका मुलीच्या वहीत दहा वजाबाक्या होत्या, दहाही उत्तरे बरोबर. मात्र वर्गात आम्ही महिनाभर जे करत होतो त्याचा तिथे मागमूस नव्हता. संख्यारेषा नाही, उड्या नाहीत, गठ्ठ्यांचे चित्र नाही. नुसती उभी मांडणी, आणि खालच्या संख्येतल्या अंकांशेजारी बारीक अक्षरात एकेक १.

मी लाल पेनाने लिहिले, 'पद्धत चुकीची. वर्गात शिकवल्याप्रमाणे करावे.' दहापैकी चार गुण दिले.

तो शेरा लिहायला मला अर्धे मिनिट लागले असेल. निस्तरायला दिवाळी उजाडली. गणित शिकवण्याची पद्धत बदलली की पालक का बिथरतात, याचे उत्तर मी तोवर चुकीच्या जागी शोधत होते. मला वाटायचे, आपण जे शिकलो तेच मुलांनी शिकावे एवढाच त्यांचा हट्ट असतो. या प्रकरणाने मला वेगळे दाखवले, म्हणून ते सविस्तर लिहिते आहे. नावे देत नाही, आणि ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत.

घर

मुलीच्या घरी आजोबा, आई आणि वडील. आजोबांचे वय पंचाहत्तर. गोवा १९६१ च्या डिसेंबरात मुक्त झाला, त्याआधी ते देवळाच्या मंडपात भरणाऱ्या खासगी मराठी शाळेत शिकले. पोर्तुगीज अमदानीत आमच्या गावांमधून मराठी टिकली ती अशाच शाळांच्या बळावर. त्यांचे छोटेसे कुळागर, म्हणजे सुपारी-नारळाची बाग आहे. तिचा हिशेब अजून तेच करतात, तोंडी, पावकी-निमकी या पाव-अर्ध्याच्या पाढ्यांसकट.

आई डिचोलीच्या बाजारात औषधांच्या दुकानात काउंटरवर असते. ती चौथीपर्यंत सरकारी मराठी शाळेत शिकली. मुक्तीनंतर दयानंद बांदोडकरांच्या सरकारने खेडोपाडी ज्या शाळा उघडल्या, त्यांतली ती एक. पाचवीपासून तिचे सगळे शिक्षण इंग्रजीत झाले. वडील खाणीवर ट्रक चालवायचे. २०१२ मध्ये खाणी थांबल्या, मग पुन्हा सुरू झाल्या, आणि सर्वोच्च न्यायालयाच्या निकालानंतर मार्च २०१८ मध्ये परत बंद पडल्या. आता ते मालवाहू टेम्पो चालवतात. ज्या घराने हातातले चालू काम एका दिवसात गेलेले पाहिले आहे, त्या घराला मुलीच्या शाळेतल्या कुठल्याही प्रयोगाची धास्ती वाटते. हे मला तेव्हा कळायला हवे होते.

सुट्टीत मुलगी आजोबांजवळ बसली होती. आईला चतुर्थीची गडबड, गणपतीवर फळे-पाने बांधायची माटोळी, पाहुणे. आजोबांनी आपल्या पद्धतीने नातीला वजाबाकी शिकवली आणि तिने ती नीट उचलली. मग माझा शेरा घरी पोचला. त्या रात्री आईने वही पुढ्यात घेतली आणि आजोबांची पद्धत खोडून आपली शिकवली, 'उसना' घेण्याची. दुसऱ्या दिवशी वर्गात मी तिला तिसरी शिकवली.

एकच वजाबाकी, तीन हात

३०२ मधून १४७ घ्या.

आजोबा म्हणतात: २ मधून ७ जात नाहीत, १२ मधून ७ गेले, राहिले ५, हातचा १. खालचे ४ आणि हातचा १ मिळून ५. शून्यातून ५ जात नाहीत, १० मधून ५ गेले, राहिले ५, हातचा १. खालचा १ आणि हातचा १ मिळून २. ३ मधून २ गेले, राहिला १. उत्तर १५५. वरच्या संख्येला ते हातही लावत नाहीत. वहीतले ते बारीक १ म्हणजे हाच हातचा.

आई म्हणते: २ मधून ७ जात नाहीत, शेजाऱ्याकडून उसना घ्या. शेजारी शून्य, त्याच्याकडेच काही नाही, म्हणून त्याच्या शेजारच्या ३ कडे जा. ३ चे २ झाले, शून्याचे १० झाले, त्यातला एक पुढे दिल्यावर ९ उरले, आणि २ चे १२ झाले. आता १२ मधून ७ गेले, ५. ९ मधून ४ गेले, ५. २ मधून १ गेला, १. पुन्हा १५५.

वर्गात आम्ही असे करत होतो: १४७ वर उभे राहा आणि ३०२ पर्यंत चालत जा. ३ ची उडी मारली की १५०. ५० ची मारली की २००. १०० ची, की ३००. शेवटी २. उड्यांची बेरीज १५५. याआधी काड्यांचे दहा-दहाचे गठ्ठे आणि शंभर मण्यांची गणितमाळ हातात देऊन झाली होती.

तिन्ही रीती अचूक आहेत. आजोबांच्या आणि आईच्या रीतीत दहाचा एक गट कुठून तरी येतो, आणि तो कुठून आला हे दोन्ही रीती वेगळ्या तऱ्हेने सांगतात. ऑक्टोबरच्या चाचणीत त्या मुलीने नेमके हेच गणित सोडवले. आईसारखा वरच्या शून्याचा ९ केला आणि आजोबांसारखा खालच्या ४ चा ५ सुद्धा केला. उत्तर आले १४५. दशकाच्या घरात एकच देणे तिने दोनदा फेडले होते. ही चूक तिच्या निष्काळजीपणाची नव्हती. तीन मोठ्या माणसांनी एकमेकांशी न बोलता तिच्या डोक्यात जे भरले, ते त्या १४५ मध्ये उतरले होते. चतुर्थीत दहाच्या दहा बरोबर सोडवणारी मुलगी महिन्याभरात चुकायला लागली, आणि सुरुवात माझ्या शेऱ्यापासून झाली होती.

बदल आला कुठून

वर्गात मी जे करत होते ते माझ्या मनचे नव्हते. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने स्पष्ट म्हटले की प्राथमिक स्तरावरच्या पाच कोटींहून अधिक मुलांना साधे वाचन आणि साधी बेरीज-वजाबाकी येत नसावी. त्यावर जुलै २०२१ मध्ये निपुण भारत अभियान सुरू झाले. तिसरी संपेपर्यंत प्रत्येक मुलाला पायाभूत वाचन आणि अंकज्ञान यावे, हे उद्दिष्ट, आणि मुदत २०२६-२७. पुढे २०२२ च्या पायाभूत स्तराच्या अभ्यासक्रम आराखड्याने गणिताचा क्रम सांगितला: आधी वस्तू हाताळण्याचा अनुभव, मग त्याबद्दल बोलणे, मग चित्र, आणि शेवटी चिन्ह. २०२४ मध्ये एनसीईआरटीचे तिसरीचे नवे पुस्तक आले, त्याचे नावच 'गणित मेला'.

हा विचार काही नवा नाही. जेरोम ब्रूनर या मानसशास्त्रज्ञाने कृती, चित्र आणि चिन्ह या तीन पायऱ्या १९६० च्या दशकातच मांडल्या होत्या. आपल्याकडे २००५ च्या राष्ट्रीय अभ्यासक्रम आराखड्याच्या वेळी गणिताच्या अभ्यासगटाने मुलाची विचार करण्याची रीतच गणिती व्हावी, हे मुख्य ध्येय मानले होते. मला हे मनापासून पटते. गठ्ठा सोडवताना मुलांच्या चेहऱ्यावर 'अच्छा, असं होय' उमटते ते मी रोज पाहते.

पण या सगळ्या कागदांत घर कुठे बसते, याचा विचार मी केला नव्हता. अमेरिकेत १९५७ च्या स्पुटनिकनंतर शाळांत 'नवे गणित' आले तेव्हाही हेच दुखणे होते. संच आणि दहाऐवजी दोनच्या, पाचच्या गटांनी मोजण्याच्या संख्यापद्धती मुलांच्या वहीत आल्या, आणि पालक स्वयंपाकघरातल्या टेबलाशी गप्प बसले.

पालकसभा

शेऱ्याचा फोटो पालकांच्या व्हॉट्सॲप गटावर फिरला. उत्तर बरोबर असून चार गुण कसे, हा प्रश्न तीस-चाळीस संदेशांत विचारला गेला. मुख्याध्यापकांनी ऑक्टोबरात पालक-शिक्षक संघाची सभा बोलावली. वर्गात चौदा मुले, सभेला अकरा घरची माणसे. लावणीच्या दिवसांतल्या सभेला चार यायची मारामार असते, त्यामुळे विषय किती लागलेला होता ते समजावे.

मी तयारी करून गेले होते. गणितमाळ, काड्या, आराखड्यातले उतारे. त्यातले काहीच कामी आले नाही.

मुलीची आई पहिली उठली. म्हणाली, "टीचर, मला गणित येतं. दिवसअखेर माझ्या गल्ल्यात रुपया इकडचा तिकडे होत नाही. पण हिच्या वहीसमोर बसले की मला काहीच येत नाही असं वाटतं." मग वडील, बसूनच, हळू आवाजात: "परवा पोर मला म्हणते, पप्पा, तुम्ही नका शिकवू, चूक होतं." एवढेच बोलून ते थांबले. बाकीचे पालकही काही वेळ काही बोलले नाहीत.

त्यानंतर मात्र सगळे बोलले. एका आजींना पाढ्यांची काळजी होती. आमच्या वेळी तिसावर पाढे पाठ होते, हिला सातचा विचारला तर बोटे मोजते. एका वडिलांचा मुद्दा वेळेचा होता: पुढे स्पर्धा परीक्षेत मिनिटाला एक प्रश्न, तिथे उड्या मारायला सवड कुठे? पद्धतीच्या बाजूनेही एक आई बोलली. तिचा मुलगा दुसरीत गणिताच्या तासाला पोटात दुखते म्हणून घरी राहायचा. या वर्षी तो बाजारात स्वतः हिशेब सांगतो. "मला पद्धतीचं नाव माहीत नाही, पण वही लपवायचा बंद झाला," ती म्हणाली.

एकाने विचारले, महाराष्ट्रात 'वीस एक' केले तसे आता इथेही करणार का? २०१९ च्या जूनमध्ये बालभारतीच्या दुसरीच्या पुस्तकात एकवीसला 'वीस एक', त्रेपन्नला 'पन्नास तीन' असेही वाचायला सुचवले होते. त्यावरचा वाद पार विधानसभेत गेला होता. गोव्याची पुस्तके वेगळी आहेत, तसे काही नाही, असे मी सांगितले. पण त्या सुचवणीमागचे कारण खरे आहे हेही सांगितले. आपण लिहितो आधी पाच मग तीन, आणि म्हणतो आधी 'त्रे' मग 'पन्न'. एकोणसाठ म्हणताना तोंडात साठ असते आणि कागदावर पाच. माझ्या वर्गात दरवर्षी तीन-चार मुले ५३ ऐकून ३५ लिहितात. घरी कोकणी बोलणाऱ्यांनाही यातून सुटका नाही, कोकणीतही क्रम उलटाच. हे ऐकून पालक हसले, कारण प्रत्येकाच्या घरी हे घडलेले होते. मला वाटते सभेचा नूर तिथे जरा बदलला. शाळा आपल्या मुलांची अडचण ओळखते एवढे त्यांना दिसले.

खरी नस मात्र शेवटी सापडली, आणि ती गोव्याची खास नस आहे. आमची मुले चौथीपर्यंत मराठीत शिकतात आणि पाचवीत पाऊल ठेवले की गणित इंग्रजीत. बेरजेचे ॲडिशन होते, अंश-छेदाचे न्यूमरेटर-डिनॉमिनेटर. मुलीची आई म्हणाली, "पाचवीत मला सगळं येत होतं, पण मला येतं हे मलाच कळत नव्हतं. शब्दच वेगळे. तेव्हा घरात कोणी मदत करू शकलं नाही. माझ्या मुलीच्या वेळी मी असणार असं ठरवलं होतं. तुम्ही मला तिसरीतच बाहेर काढलंत."

पद्धतीला विरोध असता तर मी उत्तर दिले असते. याला माझ्याकडे उत्तर नव्हते. हे घर मुलीच्या अभ्यासातली आपली जागा मागत होते, आणि ती जागा माझ्या लाल पेनाने हिरावून घेतली होती. मी सभेतच सांगितले की शेरा माझा चुकला, गुण दुरुस्त करते.

आजोबांकडे

पुढच्या शनिवारी मी त्यांच्या घरी गेले. आजोबा ओसरीवर सुपारी सोलत होते. रागावलेले नव्हते, पण दुखावलेले होते. "बाई, हा हातचा मी घरी केलेला नाही. आमच्या मास्तरांनी दिलेला आहे."

मी विचारले, खालच्या अंकात एक का मिळवायचा, मास्तरांनी सांगितले होते? ते थांबले. "नाही. छडी होती हातात. विचारणार कोण?"

तो क्षण मला महत्त्वाचा वाटतो, कारण हातचा का चालतो हे मलाही त्या घडीला नीट सांगता आले नसते. बी.एड.पर्यंत शिकूनही जी रीत मी चूक म्हणून खोडली, तिचे कारण मी शोधलेच नव्हते. त्या रात्री कागद घेऊन बसले. वरच्या संख्येला एककाच्या घरात दहा दिले. खालच्या संख्येला दशकाच्या घरात एक दिला, म्हणजे तेही दहाच. दोन्हींना सारखेच दिले, म्हणून फरक जिथल्या तिथे. आजोबांची रीत म्हणजे दोघांना सारखेच देणे, आणि आईची रीत म्हणजे हातातलीच नोट मोडून सुटे करणे. आजोबांच्या रीतीत मधली शून्ये कितीही असोत, अडत काही नाही. ३००२ सारख्या संख्येत तर ती आईच्या रीतीपेक्षा सुटसुटीत पडते.

सोमवारी वर्गात मी त्या मुलीला विचारले, आजोबा पंचाहत्तर वर्षांचे, तू आठ. किती मोठे? तिने उड्या मारल्या, ८ वरून १०, मग ७०, मग ७५. सदुसष्ट. दहा वर्षांनी किती मोठे असतील? तिने माझ्याकडे असे पाहिले की हा काय प्रश्न झाला. "तेवढेच." मग स्वतःच वही ओढली आणि आजोबांच्या बारीक १ वर बोट ठेवून म्हणाली, "वरच्याला दहा दिले, म्हणून खालच्याला पण दिले."

माझ्या वर्गात आजोबांची पद्धत पहिल्यांदा कुणी समजावून सांगितली असेल तर ती या आठ वर्षांच्या मुलीने.

काय ठरवले

दिवाळीपूर्वी पालकांबरोबर बसून आम्ही काही गोष्टी ठरवल्या. पहिली, गुण उत्तराला आणि समजावून सांगण्याला. रीत कुठलीही चालेल, पण 'का' विचारले तर मुलाला सांगता आले पाहिजे. घरी पालकांनीही हाच 'का' विचारायचा. दुसरी, नवा धडा सुरू करताना वहीत चार ओळींची चिठ्ठी जाईल: या पंधरवड्यात आम्ही काय करतो आहोत, आणि घरी काय घाई करू नये. चिठ्ठीत कधी मी लिहायची, 'उभी मांडणी अजून दोन आठवडे दाखवू नका,' आणि कारणही द्यायची. कारण दिले की पालक थांबतात. नुसता हुकूम दिला की थांबत नाहीत.

पाढ्यांच्या बाबतीत आजींचे म्हणणे बरोबर होते, आणि ते मी पूर्ण मानले. समजून घेण्याच्या नादात आम्ही घोकणे इतके बाजूला सारले होते की ७ × ८ ला अडणाऱ्या मुलाला पुढच्या विचाराला बळच उरत नव्हते. आता रोज प्रार्थनेनंतर दहा मिनिटे पाढे, सुरात, एकत्र. 'सात चोक अठ्ठावीस' म्हणताना मुले डोलतात, आणि त्यातच एखादा सांगतो की सात दुणे चौदा, त्याच्या दुप्पट अठ्ठावीस. घोकणे आणि समजणे हातात हात घालून चालू शकते, हे मला या वर्गाने शिकवले.

आणि एक शनिवार घरच्यांचा. नोव्हेंबरच्या पहिल्या खेपेला मुलीची आई आली. तिने मुलांना दुकानातला प्रसंग करून दाखवला: ३६५ चे बिल, गिऱ्हाइकाने ५०० दिले. ती पाचचे नाणे ठेवत म्हणाली ३७०, दहाच्या तीन नोटा ठेवल्या, ४००, मग शंभराची एक, ५००. परत किती गेले? १३५. करता करता तीच थबकली. रोज शंभरदा ती हेच करत होती, वहीतल्या उड्या. वीस वर्षे. तिला ते कधी गणित वाटलेच नव्हते.

कुठे आलो

वर्ष संपताना मुलगी तिन्ही रीती ओळखत होती. स्वतःची म्हणून तिने आजोबांची धरली आणि ताळा उड्यांनी करते. १४५ सारखी सरमिसळ डिसेंबरनंतर तिच्या वहीत दिसली नाही. वर्गात सगळ्यांचे असे झाले नाही. दोन मुले अजून संख्यारेषेशिवाय हलत नाहीत, आणि त्यांना तिथून पुढे कसे न्यावे यावर मी अजून काम करते आहे. स्पर्धा परीक्षेची काळजी असलेल्या वडिलांनी मुलाला चौथीला शिकवणी लावली, तिथे फक्त उभी मांडणी आणि वेग. मुलगा भराभर सोडवतो. वडील समाधानी आहेत. मी त्यांना भेटून माझे म्हणणे सांगितले, त्यांनी ऐकून घेतले आणि निर्णय बदलला नाही. तो त्यांचा हक्क आहे.

मुलगी आता चौथीत आहे, पुढच्या वर्षी पाचवी. तिची आई आणि मी दर पंधरवड्याला बसून एक वही भरतो आहोत, डावीकडे मराठी शब्द, उजवीकडे इंग्रजी, खाली तिच्या हाताने सोडवलेले एक उदाहरण. वजाबाकी, सबट्रॅक्शन. दशक, टेन्स. समच्छेद अपूर्णांकांना अजून पोचायचे आहे. 'उसना'समोर बॉरोइंग लिहून झाले. 'हातचा' दोनदा लिहावा लागला, कारण बेरजेतला हातचा म्हणजे कॅरी, पण आजोबांच्या वजाबाकीतल्या हातच्याला पाचवीच्या पुस्तकात शब्द नाही. त्या ओळीसमोर आईने मुलीचेच वाक्य लिहिले आहे: वरच्याला दहा दिले, म्हणून खालच्याला पण दिले.